खांबाला चेहरा दिसत नाही

शॅम्पूच्या बाटलीवरचा जाडसर पांढरा चौकोनी स्टिकर सोलून उजेडात धरला, तर आत बऱ्याचदा ॲल्युमिनियमची चौकोनी वेटोळी दिसतात. प्लास्टिकच्या फिल्मवरचा हा अँटेना. बॅटरी नाही, चिप नाही. एक कॉइल, एक कपॅसिटर, आणि दोघांचा मिळून साधारण ८.२ मेगाहर्ट्झचा एक सूर. दारातले खांब त्या सुरात सतत हाक मारत असतात. स्टिकर जिवंत असेल तर ओ देतो. पैसे दिले की काउंटरवरचा पॅड जोरदार लहर सोडून कपॅसिटरमधला पातळ पडदा फोडतो आणि स्टिकर मुका होतो.

मला हे यंत्र आवडतं, कारण खांबाला चेहरा दिसत नाही. कुणाची पिशवी तपासायची हे दारावरचा माणूस चपलेवरून, बोलीवरून, रंगावरून ठरवू शकतो. खांब सगळ्यांवर सारखाच संशय घेतो. सारखा वाटून घेतलेला संशय फारसा टोचत नाही, रांगेत उभं राहण्याचा कुणाला अपमान वाटत नाही तसा.

पण खांब ओरडतो तेव्हा? कॅशियर पॅडवर वस्तू फिरवायला विसरलेला असतो. कधी मुका केलेला स्टिकर वाकल्या-चुरगळल्यावर पुन्हा बोलू लागतो. या धंद्याला हे दुखणं जुनंच आहे. खांब एवढंच म्हणतो की इथे एक जिवंत स्टिकर आहे. आजूबाजूचे ऐकतात, ‘चोर’. मग चेहरे बघणारा माणूस परत येतो. इंग्रजीत हसून ‘सॉरी’ म्हणणाऱ्याला तो हातानेच ‘जा’ म्हणतो, दुसऱ्याची पिशवी टेबलावर उपसली जाते. यंत्राने भेदभाव घालवला नाही, दारापासून दोन पावलं पुढे ढकलला.

तरी या स्टिकरचा एक गुण मोठा आहे. तुम्ही कोण, हे त्याला ठाऊकच नसतं. आरएफआयडी टॅगचं तसं नाही. फिल्म तशीच, अँटेना तसाच पातळ, पण मधोमध कणाएवढी चिप, आणि तिच्यात प्रत्येक शर्टाचा वेगळा नंबर. (फास्टॅग याच कुळातला.) २००३ मध्ये बेनेटनच्या कपड्यांत असे टॅग येणार म्हटल्यावर ग्राहकांच्या गटाने बहिष्काराची हाक दिली आणि कंपनीने पाऊल मागे घेतलं. आज दुकानांत असे टॅग सर्रास दिसतात. टॅगला कायमचं मारायची आज्ञा त्याच्या मानकातच आहे, पण तिला पासवर्ड लागतो. शर्ट तुमचा झाला तरी तो पासवर्ड काही बिलावर छापून येत नाही. घरी येऊन कात्रीने लेबल कापणं तेवढं आपल्या हातात.