दुसरा हात

एरंडवण्यापासून सहकारनगरपर्यंत जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास चालू आहे आणि पुण्यातले माळे एकामागून एक रिकामे होताहेत. माळ्यावरून जे खाली येतं त्याचा निकाल एका दुपारी लागतो. कपडे बोहारणीला, कागद रद्दीला, लोखंड-प्लास्टिक भंगाराला. कॅसेटींच्या खोक्याला मात्र गिऱ्हाईक नसतं. गाण्यांच्या असल्या तर कुणीतरी ठेवून घेतं. पण लावल्यावर गाण्याऐवजी नुसता किर्रर्र आवाज येणारी कॅसेट कोण ठेवणार? तो आवाज म्हणजे प्रोग्रॅम आहे हे ओळखणारी माणसं आता पन्नाशी-साठीत आहेत, आणि माळा रिकामा करायला बहुतेक वेळा त्यांची मुलं येतात.

१९८६ पासून पुढची काही वर्षं पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं ‘डीबी स्पेक्ट्रम’ हा घरगुती संगणक विकला. मूळ यंत्र इंग्लंडच्या सिंक्लेअर कंपनीचं. झेड-८० प्रोसेसर, ४८ के मेमरी, पडदा म्हणून घरातलाच टीव्ही आणि साठवणीला साधा टेपरेकॉर्डर. अशी हजारो यंत्रं घरांत गेली. त्यांच्यापुढे बसून पुण्यातल्या मुलांनी, शिक्षकांनी, हौशी इंजिनिअरांनी जे लिहिलं त्याची सूची व्हायला हवी, आणि ती माळे रिकामे व्हायच्या आत व्हायला हवी, असं मी गेली काही वर्षं सांगते आहे.

हल्ली परिसंवादांतून ‘डिजिटल वारसा’ हा शब्द पुष्कळ ऐकू येतो. त्यातला बराच वेळ ‘परम’ महासंगणकाच्या अभिमानात जातो आणि उरलेला लहानपणीच्या खेळांच्या आठवणींत. अभिमानाला सूची लागत नाही, आठवणींनाही लागत नाही. ‘ते सगळे खेळ आता इंटरनेटवर मिळतात’ असं कुणी म्हणतं. मिळतात ते इंग्लंडचे. नक्कल केलेल्या कॅसेटीत आपलं असं काहीच नसतं, असं म्हणणाऱ्यांनी ती कॅसेट शेवटपर्यंत वाजवलेली नसते.

मला भांडायचं आहे ते याहून समंजस मताशी. ग्रंथालयशास्त्र आयुष्यभर शिकवलेल्या एका स्नेह्यांनी ते माझ्यापुढे मांडलं, आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे म्हणूनच ते मनातून जात नाही. ते म्हणतात, सूची प्रकाशित वस्तूचीच होते. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची केली, पुढे १९५० पर्यंतची केली; ती होऊ शकली कारण पुस्तक छापलं गेलं होतं, त्यावर प्रकाशक होता, साल होतं, किंमत होती. जे बाजारात आलंच नाही ते खाजगी कागद. त्याला सूचीत जागा दिली तर उद्या ‘प्रिंट हॅलो’ एवढं लिहिणाऱ्या प्रत्येक मुलाची नोंद करावी लागेल.

युक्तिवाद नेटका आहे, म्हणून तो पटतो. पण त्याचा पाया पुस्तकाच्या स्वभावात नाही, कायद्यात आहे. १८६७ च्या कायद्यानं छापखान्यांना सरकारकडे प्रती द्यायला लावलं आणि सरकारला त्यांची नोंदवही ठेवायला लावलं. १९५४ च्या कायद्यानं प्रकाशकाला राष्ट्रीय ग्रंथालयात प्रत पाठवणं भाग पडलं. ‘प्रकाशित’ या शब्दामागे असं दप्तर उभं राहिलं, आणि सूचीकाराच्या हाती एक दोर आला. कॅसेटवरच्या प्रोग्रॅमला यातलं काही लागू नव्हतं. १९८४ च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात प्रोग्रॅमला साहित्यकृतीत बसवलं, पण त्याची एक प्रत कुठे जमा करायची हे कुणी ठरवलं नाही. म्हणजे ज्या कसोटीवर माझे स्नेही या कॅसेटी नापास करतात, त्या परीक्षेला त्यांना कधी बसूच दिलं नव्हतं.

शिवाय ही कसोटी तिच्या माहेरीही सरळ चालत नाही. स्पेक्ट्रमच्या सॉफ्टवेअरच्या ज्या मोठ्या सूच्या युरोपातल्या हौशी मंडळींनी १९९५ पासून उभ्या केल्या, त्यांच्याबद्दल मला कृतज्ञता आहे. एवढं चिकाटीचं काम मोठमोठ्या संस्थांकडून झालेलं नाही. त्यांत ‘बाजारात आलं’, ‘आलं पण आता सापडत नाही’ आणि ‘कधी आलंच नाही’ असे भेद केलेले असतात. या तिसऱ्या प्रकारातलं सगळ्यात गाजलेलं नाव ‘बँडरस्नॅच’. लिव्हरपूलच्या इमॅजिन कंपनीनं त्याच्या मोठमोठ्या जाहिराती केल्या, १९८४ च्या जुलैत कंपनी बुडाली आणि तो खेळ दुकानात आला नाही. त्या नावानं तो कुणाच्या घरी कधी लोड झाला नाही, तरी त्याची नोंद आहे. ती असावीच. पण मग सदाशिव पेठेतल्या एका मुलानं लिहिलेला आणि वर्गातल्या निम्म्या मुलांनी आपापल्या कॅसेटवर उतरवून घेतलेला प्रोग्रॅम कोणत्या न्यायानं बाहेर राहतो? एकाची जाहिरात झाली, एकाची झाली नाही, एवढाच फरक. जाहिरात म्हणजे अस्तित्वाचा पुरावा आणि वापर म्हणजे खाजगी बाब, असा हा हिशेब होतो.

माझ्या स्नेह्यांनी हे विसरावं याचं मला अधिक वाईट वाटतं, कारण ते वाढले ते पोथ्यांच्या शहरात. म्हाइंभटांचं लीळाचरित्र शतकानुशतकं छापखान्याशिवाय टिकलं; महानुभावांच्या मठांतून एकानं दुसऱ्याची पोथी उतरवून घेतली म्हणून टिकलं. विसाव्या शतकात ते छापून निघेपर्यंत ते ‘अप्रकाशित’ होतं असं कुणी म्हणत नाही. भांडारकर संस्थेनं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी १,२५९ हस्तलिखितं पाहिली, ती प्रकाशित होती म्हणून नव्हे. लेखकानं लिहून लोकांपर्यंत पोचवण्याची आपल्याकडची सगळ्यात जुनी रीत म्हणजे प्रत करणं. प्रकाशन ही तिची फार अलीकडची पोटशाखा. ऐंशीच्या दशकात दोन टेपरेकॉर्डर वायरनं जोडून बसलेली मुलं नकळत त्याच जुन्या रीतीकडे परत गेली होती.

तेव्हा भेद करायचा तर तो प्रकाशित आणि अप्रकाशित असा करू नये. दुसऱ्या हातात गेलेलं आणि न गेलेलं, असा करावा. ज्यानं लिहिलं त्याच्याशिवाय आणखी एका माणसानं ते उतरवून घेतलं, चालवलं, बिघडलं म्हणून परत आणून दिलं, की ते सूचीत यायला पात्र झालं. ‘प्रिंट हॅलो’ची भीती इथंच मिटते, कारण ‘प्रिंट हॅलो’ कुणी कुणाकडून मागून नेत नाही. आणि दुसरा हात सिद्ध कसा करायचा, या प्रश्नालाही उत्तर आहे, फक्त ते मुखपृष्ठावर शोधायचं नाही.

माझ्याकडे आलेल्या एका खोक्याबद्दल सांगते. खोका बुटांचा, आत एकोणीस कॅसेटी, बहुतेक मेलट्रॅक आणि सोनी. शिवाय चौकटीच्या वहीचं एक पान, ज्यावर स्केचपेननं छोटे छोटे रंगीत चौकोन भरले होते. ‘जेट सेट विली’ या १९८४ च्या खेळाबरोबर रंगांचं एक कार्ड येत असे. खेळ सुरू होताना त्यातल्या एका घराचे रंग विचारले जात, म्हणजे कॅसेटची नुसती नक्कल करून भागू नये. इथं कुणीतरी अख्खं कार्डच हातानं उतरवून काढलं होतं, घरामागून घर. दोन ठिकाणी एका रंगावर दुसरा गिरवून चूक दुरुस्त केली होती. ज्याला पोथ्यांची सवय आहे त्याला हे पान काय आहे ते सांगावं लागत नाही.

अकरा नंबरच्या कॅसेटच्या कार्डावर निळ्या शाईत खेळांची नावं आणि टेपच्या काउंटरचे आकडे होते. शेवटी ‘शिरो १, २, ३’. त्याच्याखाली वेगळ्या अक्षरात, पेन्सिलनं: ‘दोन चालत नाही. तीन घे.’

हा दुसरा हात. याहून चांगला पुरावा कोणत्या प्रकाशकानं दिला असता?

स्पेक्ट्रमचा प्रोग्रॅम टेपवर दोन तुकड्यांत जातो. आधी हेडर, मग मजकूर. हेडरमध्ये सतरा बाइट असतात: प्रकार कोणता, नाव काय, लांबी किती, आणि आणखी दोन आकडे. नावाला दहाच अक्षरं. लिहिणाऱ्याचं नाव नाही, तारीख नाही. पोथीच्या शेवटी लेखनिक आपलं नाव, शक, गाव लिहितो, तसं इथं यंत्र काहीच लिहीत नाही. ती सगळी पुष्पिका कार्डावर असते, नाहीतर माणसाच्या डोक्यात. म्हणून कॅसेट उतरवून घेऊन कार्ड फेकून देणाऱ्या उत्साही संग्राहकांवर माझा राग आहे. ते मजकूर वाचवतात आणि साक्ष घालवतात.

प्लेअरच्या हेडचा स्क्रू केसभर इकडे-तिकडे फिरवत मी ती कॅसेट वाजवली. ‘शिरो १’ मध्ये सहा अक्षरं होती. ‘शिरो २’ मध्ये डेटाच्या ओळीमागून ओळी, प्रत्येक ओळीत आठ आकडे, आणि बहुतेक ओळींचा पहिला आकडा २५५. या यंत्रावर अक्षर आठ बाय आठ ठिपक्यांच्या घरात बसतं. २५५ म्हणजे वरच्या रांगेतले आठही ठिपके भरलेले. ती शिरोरेषा होती. शेजारी शेजारी छापल्यावर घराघरांतली रेघ जुळून वर एकसंध दांडी उमटते. काना स्वतंत्र घरात, म्हणजे ‘क’च्या पुढे तो ठेवला की ‘का’. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी द्यायची, टाइपरायटरवरच्यासारखी. याच शहरात १९८८ साली सी-डॅक या संगणक-संशोधन संस्थेची स्थापना झाली आणि जिस्ट या तंत्रज्ञानाच्या रूपानं भारतीय लिप्यांचं मोठं काम तिथं झालं. त्यांच्या पद्धतीत वेलांटी उच्चाराच्या क्रमानं, व्यंजनानंतर येते. त्या कामाची नोंद इतिहासात आहे आणि असायलाच हवी. पण तोच प्रश्न कुठल्याशा बैठ्या घरातही कुणीतरी टीव्हीसमोर बसून सोडवत होतं.

‘शिरो २’ खरोखरच चालत नाही. स्पेक्ट्रमवर वापरणाऱ्याला स्वतःची चिन्हं करायला एकवीसच घरं मिळतात, इंग्रजी ए पासून यू पर्यंत. हा प्रोग्रॅम बाविसावं अक्षर व्ही च्या घरात ठेवायला जातो आणि यंत्र ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ म्हणून थांबतं. मराठीला एकवीस घरं पुरणार कशी?

माझ्या स्नेह्यांचा खाजगीपणाचा आक्षेप मात्र मी मान्य करते. या यंत्रावर बेसिकमधला प्रोग्रॅम साठवला की त्याच्याबरोबर त्यात शेवटी भरलेली माहितीही टेपवर जाते. त्याच खोक्यात भिशीच्या हिशेबाचा एक प्रोग्रॅम आहे, आणि त्याच्या पोटात बारा बायकांची नावं आणि प्रत्येकीची थकबाकी अजून तशीच आहे. ती कुणाला दाखवायचा मला अधिकार नाही. घरच्यांना विचारल्याशिवाय मी तो मजकूर कुणाच्या हाती देणार नाही, आणि त्यांनी नको म्हटलं तर कधीच नाही. पण मजकूर दाखवणं वेगळं आणि असा एक प्रोग्रॅम होता असं नोंदवणं वेगळं. खाजगीपणाच्या नावाखाली नोंदच नाकारली, तर संगणक घरात आल्यावर बायकांनी त्याचं काय केलं, याचं उत्तर कायमचं ‘काही नाही’ असं राहील.

‘शिरो ३’चं सांगायचं राहिलं. काउंटर १८३ ला त्याचा हेडर स्वच्छ वाचला गेला. नाव आलं, लांबी आली. पुढच्या हातभर फितीवर बुरशीचे पांढरे ठिपके, आणि पडद्यावर ‘टेप लोडिंग एरर’. मी वेगवेगळ्या तीन प्लेअरवर प्रयत्न केला. मजकूर गेलेला आहे. त्यानंतर आणखी एक हेडर सापडला, ‘अक्षर’ नावाच्या तुकड्याचा. त्याचाही मजकूर बुरशीनं खाल्लेला.

‘हातात वस्तू नाही तर नोंद कशाची करता?’ असं माझे स्नेही विचारतील. त्यांच्या पद्धतीनं गेलं तर हे लिहिणाऱ्याच्या नावावर शेवटचा म्हणून ‘शिरो २’ उरतो, म्हणजे बाविसाव्या अक्षराशी अडलेला प्रयत्न. पुढच्या अभ्यासकानं तोच पाहिला तर त्याचा निष्कर्ष ठरलेला आहे.

‘अक्षर’च्या हेडरमध्ये लांबी दिली आहे: ७६८ बाइट. स्पेक्ट्रमच्या संपूर्ण अक्षरसंचात ९६ अक्षरं असतात, दर अक्षराला आठ बाइट. ९६ गुणिले ८ म्हणजे ७६८. एकवीस घरं पुरत नाहीत हे कळल्यावर त्यानं यंत्राच्या इंग्रजी अक्षरांचा अख्खा तक्ताच बाजूला सारून त्या जागी स्वतःचा तक्ता लावला होता. यंत्र नवा तक्ता कुठे शोधायचा ते २३६०६ आणि २३६०७ या दोन पत्त्यांवर पाहतं. तिथले आकडे बदलणारी ओळ ‘शिरो ३’मध्ये असणार, आणि ती आता कुणालाच वाचता येणार नाही.

मी नोंद केली ती अशी: शिरो ३. बेसिक. सोबत ‘अक्षर’, ७६८ बाइट, बहुधा देवनागरीचा पूर्ण संच. मजकूर उपलब्ध नाही. कार्डावर दुसऱ्या हाताची शिफारस, पेन्सिलनं.