आख्यानाचे सत्य

इ. स. १६७० च्या ४ फेब्रुवारीस, माघ वद्य नवमीच्या रात्री, कोंढाण्याच्या माथ्यावर तानाजी मालुसरे पडले. आणि त्याच १६७० साली, ज्या देशाचे नावही त्या वेळी मावळात कोणाच्या कानी आले नसेल, त्या आयर्लंडात टर्लो ओ'कॅरोलन जन्मास आला, जो अठराव्या वर्षी देवीच्या साथीत दृष्टी गमावून पुढे हार्प खांद्याशी धरून सरदारांच्या वाड्यावाड्यांतून फिरला आणि १७३८ साली वारला तेव्हा शेकडो चाली मागे ठेवून गेला. या दोन जीवितांचा परस्परांशी काडीचा संबंध नाही. परंतु एकाच्या मरणाभोवती जो पोवाडा उभा राहिला आणि दुसऱ्याच्या चालींभोवती ज्या कथा गुंफल्या गेल्या, त्यांतून उद्भवणारा प्रश्न मात्र एकच आहे, आणि तो मला धर्मजिज्ञासेच्या कोटीतला वाटतो: गीताच्या पाठीशी जी कथा सांगितली जाते ती घडलेली असावी लागते काय, आणि ती घडलेली नसेल तर गाणाऱ्याने ती देवतेपुढे व लोकांपुढे कोणत्या अधिकाराने सांगावी?

पोलादपूर तालुक्यातील उमरठ येथे तानाजींची समाधी आहे, आणि त्यांचे शव ज्या वाटेने घाटाखाली उतरविले ती वाट म्हणून मढेघाटाचे नाव लोक सांगतात. खुद्द पोलादपुरात शिवभारतकार कवींद्र परमानंदांची समाधी आहे. वीराची समाधी आणि त्याच्या राजाचे चरित्र काव्यात बांधणाऱ्या कवीची समाधी सावित्रीकाठच्या या एका लहानशा मुलखात असावी, हा योगायोग मला फार अर्थपूर्ण वाटतो. कारण कर्म आणि त्याचे आख्यान यांचा संबंध काय, हाच तर येथे विचारविषय आहे.

प्रथम गीत कसे टिकले ते पाहू. १७९२ च्या जुलै महिन्यात बेलफास्ट येथे उरल्यासुरल्या हार्पवादकांचा मेळा भरविण्यात आला; दहा आयरिश आणि एक वेल्श, इतकेच जमले, आणि त्यांत नव्वदी ओलांडलेला डेनिस हेम्पसन हा पितळी तारा नखांनी छेडण्याची प्राचीन रीत पाळणारा एकटाच होता. एडवर्ड बंटिंग या एकोणीस वर्षांच्या तरुणाने त्यांच्या चाली स्वरलेखनात उतरवून घेतल्या व १७९६, १८०९ आणि १८४० साली त्यांचे खंड प्रसिद्ध केले. चाली वाचल्या, शब्द मागे राहिले. १८०२ साली त्याने आयरिश गीतांचे शब्द गोळा करण्यास पॅट्रिक लिंच यास मुद्दाम पाठविले, परंतु ते शब्द दप्तरात पडून राहिले आणि १८०९ च्या खंडात चालींना नवी इंग्रजी पद्ये जोडण्यात आली. आपल्याकडे झाले ते याच्या नेमके विरुद्ध. ॲकवर्थसाहेब आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ साली जुन्या पोवाड्यांचा जो संग्रह छापला, त्यात तुळशीदास शाहिराचा सिंहगडाचा, म्हणजे कोंढाण्याचा, पोवाडा शब्दशः आला. पण डफाचा ठेका, तुणतुण्याचा अखंड झणकार, शाहिराने टाकलेली ओळ झीलकऱ्यांनी ज्या उंचीवर उचलावयाची ती उंची, यांतले काहीच कागदावर उतरले नाही. तिकडे स्वर राहिला आणि अर्थ गळाला. इकडे अर्थ छापला गेला आणि स्वर गोंधळी-शाहिरांच्या कंठातच राहिला.

कथेचे भवितव्य या दोन्ही ठिकाणी चमत्कारिक आहे. शब्द गळूनही ओ'कॅरोलनच्या चालींमागच्या कथा मात्र गळल्या नाहीत. आजही हार्प वाजविणारा चाल छेडण्यापूर्वी ती सांगतो, आणि नवी चाल रचणाराही तिला एखादे स्थळ, एखादे मरण, एखादी ओळख जोडल्यावाचून राहत नाही. पोवाड्याचे तर जीवितच कथा. आणि येथे इतिहाससंशोधक उभा राहतो व न्याय्य आक्षेप घेतो. दोर बांधलेली घोरपड कडा चढून गेली हे पोवाड्यात आहे, सभासदाच्या बखरीत नाही. तानाजींच्या बलिदानामुळे गडास सिंहगड नाव पडले असे लोक मानतात, पण हे नाव त्यापूर्वीच्या पत्रव्यवहारात आढळते. मग शाहीर असत्य गातो काय?

या प्रश्नाचे उत्तर मला इतिहासशास्त्रापेक्षा वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या पूर्वमीमांसेत अधिक समाधानकारक सापडते. वेदात विधिवाक्ये आहेत तशी कथावाक्येही आहेत. देवांनी अग्नीपाशी ठेवलेले धन अग्नीने अभिलाषेने बळकाविले, देव ते बलाने परत घेऊ लागले तेव्हा तो रडला, रडला म्हणून रुद्र झाला, आणि त्याच्या अश्रूंचे रुपे झाले, अशी एक कथा तैत्तिरीय संहितेत आहे. रुद्र खरोखर रडला काय, असा वाद मीमांसासूत्रकार जैमिनीच्या अनुयायांनी घातला नाही; त्यांनी म्हटले की यज्ञात रुपे दक्षिणा म्हणून देऊ नये, या निषेधाशी ही कथा बांधलेली आहे, आणि त्या बंधनातच तिचे प्रामाण्य आहे. अशा वाक्यास त्यांनी अर्थवाद म्हटले. पुढे त्याचे तीन प्रकार झाले: अन्य प्रमाणाशी विरोध येतो तो गुणवाद, अन्य प्रमाणाने जे आधीच ज्ञात आहे ते सांगतो तो अनुवाद, आणि ज्यास ना बाधक प्रमाण आहे ना साधक, तो भूतार्थवाद.

ही वर्गवारी तुळशीदासाच्या पोवाड्यास लावून पाहावी. गड घेतला गेला आणि तानाजी पडले हा अनुवाद. बखरही तेच सांगते. घोरपड हा गुणवाद. ती सांगताना शाहीर कडा चढण्याची युक्ती वर्णीत नसतो, ज्या कड्यावर सरपटणाऱ्या जनावरालाच पाय ठेवता यावा तेथे माणसाने जाण्याचा संकल्प केला, त्या संकल्पाची स्तुती करीत असतो. आणि मुलाच्या, रायबाच्या, लग्नाचे आमंत्रण घेऊन आलेल्या पित्याने लग्न मागे ठेवून मोहीम पुढे केली, हा माझ्या समजुतीप्रमाणे भूतार्थवाद. तो खोडून काढण्याचा अधिकार संशोधकास नाही, आणि तो शपथेवर सांगण्याचा अधिकार शाहिरासही नाही. परंतु संपूर्ण पोवाड्याचा विधी, म्हणजे जे कर्तव्य तो श्रोत्याच्या पदरात घालतो ते, याच प्रसंगात आहे. ओ'कॅरोलनलाही हेच लागू पडते. तो देवीने अंध झाला हा अनुवाद. त्याची पहिली चाल म्हणून जी सांगतात त्या 'शी बेग, शी मोर' हिच्यामागे दोन टेकड्यांवरील यक्षसेनांच्या युद्धाची कथा आहे, तो गुणवाद. आणि तारुण्यातील प्रेयसीला त्याने पुष्कळ वर्षांनी तीर्थयात्रेच्या नावेत केवळ हाताच्या स्पर्शाने ओळखले, तो भूतार्थवाद. मात्र एक भेद राहतो. त्या चालींना विधी नाही. त्या शोकास वा हर्षास जागा देतात आणि तेवढ्यावर थांबतात. गोंधळात तसे थांबता येत नाही. संबळ वाजून गावोगावच्या देवतांना आवाहन झाले, दिवटी तेवू लागली, की पुढचे आख्यान हे त्या देवतांच्या साक्षीने सांगितलेले वचन होते, आणि ज्याच्या घरी गोंधळ घातला त्याच्या अंगी काही ऋण लावूनच ते संपते.

येथे माझ्या विवेचनातला सर्वांत नाजूक भाग येतो, आणि तो टाळणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. अर्थवादाची शक्ती आंधळी आहे; ती ज्या विधीस जोडाल त्यास बळ देते. मीमांसकांस ही चिंता नव्हती, कारण त्यांचा विधी अपौरुषेय होता. गीताचा विधी मात्र माणसाने घातलेला असतो, म्हणून तो तपासावा लागतो, आणि तो कसा तपासावा याचा दाखला महाडाइतका स्पष्ट क्वचितच कोठे मिळेल. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा बोले ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली संमत झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला. कागद पूर्ण झाला आणि पाणी बंदच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहस्रावधी अनुयायांसह तळ्यावर गेले व त्यांनी ओंजळीने पाणी प्राशन केले. २५ डिसेंबरला त्याच महाडात मनुस्मृतीचे दहन झाले. ज्या ग्रंथातील विधींना शतकानुशतके कथांनी, माहात्म्यांनी, पूर्वजन्मींच्या पापपुण्याच्या आख्यानांनी बळ पुरविले होते, त्या विधींचेच तेथे परीक्षण झाले. कथा खोटी की खरी हा वाद तेथे कोणी मांडला नाही; कथेने जे करावयास लावले ते अन्याय्य आहे, एवढे म्हणणे पुरेसे ठरले.

आणि त्यानंतर जे घडले ते या प्रश्नाच्या दृष्टीने मला सर्वांत बोलके वाटते. चवदार तळ्याच्या प्रकरणात संदिग्ध असे काही उरले नव्हते. ठराव, तारखा, दाव्यांचे कागद, १९३७ चा उच्च न्यायालयाचा निवाडा, सर्व उपलब्ध. येथे गुणवादाला वाव नव्हता, घोरपडीची गरज नव्हती. तरीही आंबेडकरी जलसे निघाले, डफ-ढोलकीवर भीमगीते उभी राहिली, आणि त्यांत हे तळे पुनःपुन्हा येत राहिले. निवाड्याने पाण्यावरील हक्क सिद्ध केला. परंतु लेकराला कडेवर घेऊन दूर कोठल्या वस्तीत ऐकणाऱ्या बाईस तू हे पाणी पी, असे निवाडा म्हणत नाही, गीत म्हणते.