करून का घेत नाहीस?

कार्बन डायऑक्साइड लेसर बनवणारा माणूस आपल्याकडचा आहे, हे माझ्या बॅचच्या बऱ्याच इंजिनीअरांनाही ठाऊक नसतं. कुमार पटेल. जन्म बारामतीचा, पदवी पुण्याच्या इंजिनीअरिंग कॉलेजची, १९५८ सालची. पुढे अमेरिकेत बेल लॅब्समध्ये त्यांनी १९६४ साली हा लेसर तयार केला. त्याचा किरण डोळ्यांना दिसत नाही, पण पाणी तो चटकन शोषून घेतं. त्याच्यानं कापड कापतात, आणि त्वचेत भरपूर पाणी असल्यामुळे गालावरचा वरचा थरही उडवतात. खालच्या थराला उष्णता लागते, तिथं नवं कोलॅजन तयार होतं आणि खड्डे हळूहळू उथळ होतात. पूर्ण जातीलच असं नाही.

कबनूरमध्ये माझ्या चुलतबहिणीच्या गालांवर पिंपल्सचे असे खड्डे आहेत. स्थळं बघणं सुरू झाल्यापासून तिला सगळे एकच विचारतात, "आता लेसर निघालंय की, करून का घेत नाहीस?"

मला खटकतो तो यातला 'आता'. कालपर्यंत हे खड्डे तिचं नशीब होते. इलाज निघाला आणि तो तिचा हलगर्जीपणा झाला. काहीही न करणं हाही आता तिचाच निर्णय, आणि त्याचा जाब तिनंच द्यायचा.

तिच्या वडिलांच्या, म्हणजे काकांच्या कपाळावरही खोल वण आहे. मागावरचा धोटा उडून लागला होता. लेसर त्यांच्यासाठीही निघालंय, पण त्यांना कुणी विचारत नाही. तो कष्टाचा वण. मुलीचा वण म्हणजे कापडातला फॉल्ट, आणि माल सेकंडला गेला की दर पडतो हे इचलकरंजीच्या पंचक्रोशीत कुणाला शिकवावं लागत नाही.

जुना काळ बरा होता असं मात्र म्हणवत नाही. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला. त्याआधी देवीच्या वणांचे चेहरे गल्लोगल्ली होते, आणि तसा चेहरा असलेल्या मुलींची लग्नं तेव्हाही अडायचीच. फक्त 'अजून काढले नाहीत का?' असं त्यांना कुणी विचारू शकत नव्हतं.

मी आधी तिला नेहमीचं शहाणपण ऐकवलं. दिसण्यात काय आहे, तू आहेस तशी छान आहेस वगैरे. ती म्हणाली, "दादा, तुला काय जातंय सांगायला? तुझ्या गालाकडं बघून कोण नकार देतंय?" बरोबर होतं तिचं. ज्याला किंमत मोजावी लागत नाही, त्यानं दुसऱ्याला स्वाभिमान शिकवणं फुकटचं असतं. पण 'तिचा चेहरा, तिची निवड' म्हणून हात झटकणंही मला जमेना. चार जणांनी ढकलत दारापर्यंत आणलेल्या माणसाला 'आत जायचं की नाही तूच ठरव' म्हणण्यासारखं आहे ते.

शिवाय धोका तिच्या एकटीचा. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेवर लेसरनंतर काळे डाग उठण्याची शक्यता गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त असते, आणि ते डाग महिनोन्‌महिने राहू शकतात. म्हणून हल्ली फ्रॅक्शनल पद्धत वापरतात: किरण बारीक ठिपक्यांत सोडायचा, मधली त्वचा शाबूत ठेवायची, म्हणजे जखम तिथून भरून येते. तरीही ऊर्जा किती, ठिपके किती दाट, हे समोरची त्वचा बघून ठरवावं लागतं. दुसऱ्यासाठी लावलेलं सेटिंग तसंच ठेवून बटण दाबलं तर काय होतं, हे सॉफ्टवेअरवाल्याला वेगळं सांगायला नको. आमच्याकडं निदान रोलबॅक असतो. त्यात एका सिटिंगमध्ये भागत नाही, आणि प्रत्येक वेळी पुढचे काही आठवडे ऊन टाळायचं. भर दुपारी स्कूटीवरून इचलकरंजीला कामावर जाणाऱ्या मुलीनं ते कसं टाळायचं?

पैसे मी देतो म्हणालो. स्थळ येवो न येवो, तारीख तिनं ठरवायची आणि घरातल्या कुणीही त्यावर बोलायचं नाही, एवढंच काकांकडून कबूल करून घेतलं. काकू अजून धुसफुसतात. त्वचारोगतज्ज्ञांनी तिला आधी नवे पिंपल्स थांबवायची औषधं दिलीत. लेसरचं नंतर बघू म्हणालेत. स्थळासाठी फोटो मात्र तिनं परवाच पाठवला, फिल्टर न लावता. तिकडून अजून उत्तर नाही.