कळवले आहे

वेल्ह्याकडच्या एका अंगणवाडीत रजिस्टर चाळताना दीड वर्षाच्या मुलीपुढचा शेरा दिसला: 'अजून बसत नाही. रेफर. पालकांना कळवले आहे.' शेवटच्या तीन शब्दांनी डोकं उठवलं. कळवलं, पण कळलं का? मराठीत या दोन क्रियापदांत एका 'व'चं अंतर आहे. आपली सगळी आरोग्यव्यवस्था त्या 'व'वर विसावली आहे.

2013 साली पालघरहून सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी, 2016च्या कायद्यात सातावरून एकवीस झालेले दिव्यांगत्वाचे प्रकार, हे सगळं वाचकांना ठाऊक आहे. कागद कमी नाहीत.

माझा एक डॉक्टर मित्र म्हणतो, "पन्नासदा सांग, या बाया देवऋषीकडेच जाणार." पन्नासदा सांगितलं असेलही, पण त्याच शब्दांत. देवऋषी निदान आधी विचारतो, "काय झालंय, बाय?" अर्थात, बाहेर ऐंशी जणांची रांग असताना डॉक्टर तरी काय करणार, हे मला मान्य आहे.

थोडं विषयांतर. मुलाच्या वाढीच्या खुणांना आपण 'टप्पे' म्हणतो. डोंगरातल्या माणसाला टप्पा माहीत आहे तो एसटीचा, सहा किलोमीटरचा, तिकिटाचे पैसे ठरवणारा. एखाद्या टप्प्यावर गाडी थांबली नाही म्हणून ती भोरला पोचत नाही, असं थोडंच आहे?

तर, सेविकांना प्रशिक्षण द्या, सोप्या भाषेत पत्रकं काढा, असं लिहायचं मी ठरवूनच आलो होतो. सहज सेविकाताईंना विचारलं, कागदावरच्या 'विकासात्मक विलंब'चा अर्थ काय सांगितलात? त्या म्हणाल्या, "उशीर आहे, म्हणजे होईल की सावकाश." मी गप्प झालो. चूक त्यांची नव्हतीच. उशिरा का होईना, गाडी येणार, हे आश्वासन त्या शब्दातच आहे. शब्द तर सोपाच होता.

"वर कुणाला विचारलं नाहीत?"

"मोठ्या डॉक्टरांना काय विचारायचं, दादा?"

डॉक्टरांपुढे न कळताही मी किती वेळा मान डोलावली आहे, ते आठवलं. आरोग्याची साक्षरता म्हणजे माहिती असणं नव्हे. 'मला कळलं नाही' असं वरच्याला म्हणता येणं. ते आईला जमत नाही, कारण सेविकेलाच ती मुभा कुणी दिलेली नाही.

मित्राला म्हटलं, रजिस्टरात एक रकाना वाढवू: 'आईने काय विचारले?' तो हसला. "त्यातही सगळे 'काही नाही' लिहितील."

लिहू देत. 'कळवले आहे'पेक्षा ते खरं तरी असेल.