घरच्या गोष्टी आणि सत्य

बाळापूरचा किल्ला एलिचपूरचा नबाब इस्माईलखान यानें १७५७ सालीं पुरा केला, हें गॅझेटियर उघडणाऱ्या कोणासही कळतें. त्याच वर्षीं त्या किल्ल्याच्या सावलींत नांदणाऱ्या घरांत कोणती सून आली, कोणतें मूल गेलें, कर्ज कां झालें, हें मात्र कोठेंही लिहिलेलें नाहीं. वंशावळ पाहावी तर तींत पुरुषांचीं नांवें ओळीनें लागलेलीं. ज्यांच्या पोटीं ते जन्मले त्या स्त्रियांचा पत्ता नाहीं. ही उणीव भरून काढते ती दिवेलागणीनंतर सांगितलेली आजीची गोष्ट. ती जपली पाहिजे याविषयीं दुमत नसावें. प्रश्न आहे तो निराळाच: ती सांगतांना सत्याचें बंधन कितपत पाळावें?

कुळाची अब्रू राखावी, असें म्हणणाऱ्यांचा पक्ष दुबळा नाहीं. समजा, १८९९-१९०० च्या दुष्काळांत पणजोबांनीं भुकेल्यांस ज्वारी वांटली, अशी कथा एखाद्या घरीं चालत आली आहे. आणि जुन्या चोपड्यांवरून दिसतें कीं, त्याच सालीं त्यांनीं कुळांचीं गहाण शेतें आपल्या नांवावर करून घेतलीं. ही दुसरी गोष्ट नातवास सांगून काय साधणार? मेलेला माणूस उत्तर द्यावयास येत नाहीं, आणि ऐकणारीं तर लहान मुलें! हा आक्षेप आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं.

परंतु गाळणें आणि बदलणें यांत भेद आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ सालीं उत्तरेकडे गेले आणि पुढें झांशीच्या वेढ्यांत सांपडले. त्यांनीं लिहिलेला वृत्तांत चिंतामणराव वैद्य यांनीं १९०७ सालीं 'माझा प्रवास' या नांवानें छापला, पण मूळ मजकुरांत फेरफार करून. परक्या सरकारच्या रोषाचें भय त्या काळीं खरें होतें. तरीही वैद्यांनीं हस्तलिखित जपलें, आणि म्हणूनच दत्तो वामन पोतदारांना १९६६ सालीं मूळ संहिता वाचकांपुढें ठेवतां आली. तोंडी कथेला असें हस्तलिखित नसतें. सांगणारानें एकदां बदललें, कीं ऐकणाराच्या लेखीं तेंच घडलेलें ठरतें. म्हणून लिहिणारापेक्षां सांगणाराची जबाबदारी अधिक.

तेव्हां आमच्या मतें मर्यादा ती अशी: जिवंत माणसाचें गुपित झांकावें, मुलाच्या वयास न झेपणारें पुढच्यासाठीं राखून ठेवावें, पण न घडलेलें सांगूं नये. मौन पुढें मोडतां येतें. खोट्या कथेवर मात्र पुढच्या पिढ्या आपला अभिमान उभारतात. आपल्या कुळांत कोणी चुकलाच नाहीं, असें ऐकून वाढलेला मुलगा पहिल्या चुकीसरशी स्वतःस कुलांगार मानूं लागतो. ज्वारी वांटणारा आणि शेतें घेणारा पणजोबा एकच होता, हें ज्यास ठाऊक आहे, त्यास काय घ्यावें आणि काय टाकावें हें तरी कळतें.

आणखी एक विचार. ज्यांचीं शेतें गेलीं त्यांच्या घरींही एखादी आजी असेल, आणि तीही आपल्या नातवंडांस गोष्ट सांगत असेल. तीं नातवंडें आणि आपलीं एकाच शाळेच्या बांकावर बसावयाचीं आहेत.