तिघांची वाटणी

मारेगावकडे कपाशीचं रान बोलताना एकरात मोजतात. सातबाऱ्यावर मात्र हेक्टर आणि आर. एक हेक्टर म्हणजे १०० आर. तीन भावांत वाटले तर प्रत्येकी ३३ आर आणि वर एक उरतो. धुऱ्यावरची भांडणं एवढ्याशा तुकड्यावरूनही पेटतात.

दोष भावांचा असेलही, पण थोडा शंभराचाही आहे. त्याचे मूळ अवयव पाडा: २, २, ५, ५. तीन कुठेच नाही. आता एकर घ्या, ४३,५६० चौरस फूट. आकडा ओबडधोबड दिसतो, पण त्याच्या पोटात तीनदा २, दोनदा ३, एकदा ५ आणि दोनदा ११ आहे. दोघे, तिघे, चौघे, पाच, सहा, आठ, नऊ, दहा वाटेकरी आले तरी पूर्ण फुटांत निभावतं. तिघांना १४,५२० चौरस फूट. सात भाऊ आले की तोही हात टेकतो.

जुना रुपया असाच होता. १६ आणे, आण्याच्या १२ पै, एकूण १९२. तिसरा हिस्सा ५ आणे ४ पै, अगदी चोख. १ एप्रिल १९५७ पासून १०० नवे पैसे आले. हिशेब लिहिणं सोपं झालं, हे मान्यच. तिघांत रुपया वाटणं तेवढं अडलं.

शाळेत अवयव शिकवताना फळ्यावर घरचा सातबाराच मांडावा. चार एकरांचे साधारण १६२ आर होतात. १६२ मध्ये ३ चार वेळा येतो. तिघांना ५४-५४ आर.