वाहनाने अर्धे पुण्य?

तीर्थयात्रेला वाहनाने जावे की पायी, हा धर्मशास्त्रातला जुना वाद. ऐश्वर्य, लोभ किंवा मोहापोटी जो वाहनाने प्रयागला जातो त्याची यात्रा निष्फळ, असे मत्स्यपुराण सांगते. पुढच्या ग्रंथकारांनी तर हिशेबच मांडला: वाहनाने अर्धे फळ जाते, छत्री आणि पादत्राणांनी आणखी काही.

बार्शी लाइट रेल्वेने हा हिशेब व्यवहारात मोडीत काढला. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची ही अडीच फुटी रुळांची गाडी १८९७मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी धावू लागली आणि १९०६मध्ये पंढरपूरला पोहोचली. यात्रेच्या गर्दीत वारकरी मालाच्या डब्यांतूनही नेले जात. त्यात ऐश्वर्य शोधूनही सापडले नसते. १९५४मध्ये ती सरकारकडे आली. कालांतराने अरुंद रूळ निघाले आणि ब्रॉडगेजने त्या मार्गाला दुसरा जन्म दिला.

बीड जिल्ह्यात प्रश्न उलटा आहे. परळी वैजनाथ या तीर्थक्षेत्राला निजामाच्या राजवटीतच परभणी आणि विकाराबादकडून रेल्वे आली. जिल्ह्याचे ठाणे असलेले बीड मात्र कोरडेच राहिले. अहमदनगर–बीड–परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाला १९९५मध्ये मंजुरी मिळाली आणि बीडला गाडी लागली १७ सप्टेंबर २०२५ रोजी.

या जिल्ह्यातला ऊसतोडीचा कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आगाऊ घेतलेली उचल फेडायला दिवाळीच्या सुमारास गाव सोडतो. महाशिवरात्रीला परळीत रांगा लागतात तेव्हा तो फडातच असतो, आणि खाडा केला की पैसे कापले जातात. अशा माणसाला पायी चालण्याइतके दिवस मोकळे मिळणे, हेच ऐश्वर्य. महाभारताच्या वनपर्वात तीर्थयात्रेची थोरवी सांगताना कारण दिले आहे ते हेच, की यज्ञ धनवंतांना परवडतात, यात्रा दरिद्र्यालाही घडते. त्या न्यायाने पॅसेंजरचे तिकीट शास्त्राच्या बाजूचे ठरते.

पायी वारीची गोष्ट वेगळी. दिंडी, भजन, मुक्काम हीच तिथे साधना. गाडी तिची जागा घेऊ शकत नाही. पण म्हणून गाडीने आलेला कमी ठरत नाही. मळा सोडून पंढरीला न गेलेल्या अरणच्या सावता माळ्याला वारकऱ्यांनीच संत मानले.

बीड ते परळी हा टप्पा पूर्ण होईपर्यंत भाविक एसटीने जातात. त्यांचे अर्धे पुण्य कोणी कापलेले नाही.